वहिनीची सही

माझा भाऊ गेला तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, पेंटर गेला. माझी वहिनी जाईल तेव्हा काय म्हणतील देव जाणे, कारण ती जन्मभर काय करत होती ते कुणी कधी विचारलंच नाही. मी पेंटरची धाकटी बहीण. वहिनी मला वन्सं म्हणते, आणि आमचं सख्य म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं. तरी तिची गोष्ट मलाच सांगायला हवी. दुसरं सांगणार कोण? तिला मूलबाळ नाही, आणि स्वतःबद्दल बोलायची तिला सवय नाही.

दादा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, कारखान्यांच्या. पाटीत कामं दोन असतात. आधी अक्षराची कड काढायची, आणि मग त्या कडेच्या आत रंग भरायचा. आमच्या घरात त्याला अक्षराचं पोट भरणं म्हणत. कड दादा काढायचा, पोट वहिनी भरायची. दादा सकाळी येऊन झपाझप कडा मारायचा आणि समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन वाहवा ऐकत बसायचा. ही बाई शिडीवर चढून ऊन उतरेपर्यंत भरत राहायची. कडेबाहेर केसाएवढा रंग गेलेला मी कधी पाहिला नाही. मी खोट काढण्यात पटाईत आहे, माझ्या सुनेला विचारा. पण तिथं मला खोट सापडली नाही.

पाटी झाली की खालच्या कोपऱ्यात सही दादाची. बारीक, तिरपी, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी आणि शेपटीला एक झोकदार वळण. लोक पाटी सोडून सहीच बघत उभे राहायचे.

एकदा दादाला यायला उशीर झाला आणि गिऱ्हाईक घाई करायला लागलं, म्हणून वहिनीनं कड काढायला ब्रश उचलला. नेमका तेवढ्यात दादा आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "ठेव तो. तुझा हात कडेचा नाही, पोटाचा आहे." गिऱ्हाईक खो खो हसलं. वहिनीनं ब्रश ठेवला, आणि त्याच्या हयातीत पुन्हा कडेला हात लावला नाही.

आता त्या कागदाचं सांगते.

गावाबाहेर पाण्याचे पंप बनवणारा एक नवा कारखाना निघाला होता. त्याच्या लांबलचक भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत कंपनीचं नाव लिहायचं काम दादाला मिळालं. नवराबायको किती दिवस त्या भिंतीला चिकटून होती. काम झालं, पैसे द्यायची वेळ आली आणि मालकांनी हात वर केले. म्हणाले, रोख नाही, कंपनीचे शेअर घ्या. दुसरा कुणी असता तर बोंब मारली असती. आमचे बंधुराज कलावंत! त्यांना तो कागदच आवडला. जाड, पिवळसर, भोवती वेलीची नक्षी, वर कंपनीचं नाव असं छापलेलं की दादा बोटानं अक्षरं चाचपत राहिला. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत घरी घेऊन आला.

वर मोठेपणा काय, तर शेअर बायकोच्या नावावर घेतले. अर्जावर सही तिची लागत होती, ती यानंच ठोकली. ती समोर बसलेली होती, हात रिकामे होते, लिहिता-वाचता येत होतं. अहो, जन्म अक्षरांत गेलेला! पण यानं पेन तिच्याकडे सरकवलं नाही. तिचं नाव आपल्या त्या झोकात लिहिलं, शेपटी वळवली आणि म्हणाला, "बघ, कशी देखणी काढलीय तुझी सही."

त्या महिन्यात वाण्याचं भागवायला वहिनीनं कानातलं विकलं. दादा म्हणाला, "हा कागद सोन्यापेक्षा भारी आहे." मी तिथंच होते. म्हटलं, "हो का? मग आज तोच वाढ पानात."

पुढं कापडावर छापून येणारे बोर्ड आले आणि ब्रशवाल्यांना कुणी विचारीना. दादाच्या छातीत इतक्या वर्षांचा रंग आणि टर्पेंटाइन बसलं होतंच. खोकता खोकता गेला. वहिनी एकटी राहिली आणि एका पाथरवटाकडे कामाला जायला लागली. तो दगडावर अक्षरं कोरायचा, थडग्यांवरची, कोनशिलांवरची, आणि कोरलेल्या खाचांत ही रंग भरायची. म्हणजे तिथंही पोटच. मिळेल त्यात तिचं एकटीचं भागत होतं, कारण खोली जुन्या भाड्याची होती. लग्न होऊन आली ती याच खोलीत. पुढचा दरवाजा गल्लीत उघडायचा, उंबऱ्यावर सगळ्या रंगांचे थेंब वाळलेले, आणि भिंतीवर दादानं ब्रश पुसून पुसून केलेला एक मोठा डाग. तिला त्या खोलीवाचून दुसरं काही नव्हतं.

मग घरमालकानं सगळ्या भाडेकरूंना बोलावून सांगितलं की इमारत पाडायची आहे. नवी उभी राहील. ज्यांना नव्यात खोली हवी त्यांनी वर्ष संपायच्या आत इतके भरावे, नाहीतर आपला बाडबिस्तरा उचलावा. आकडा ऐकून शेजारचा शिंपी मटकन खालीच बसला. मी म्हटलं, "चल माझ्याकडे." म्हटलं खरं, पण आयजीच्या जिवावर बायजी उदार. घर मुलाचं, राज्य सुनेचं, खोल्या दोन, पोरं दोन, आणि मी स्वतःच स्वयंपाकघरात ओट्याखाली पथारी टाकते.

वहिनी म्हणाली, "वन्सं, मी पाथरवटाच्या शेडमध्ये दगडांत झोपेन. पण तुमच्या सुनेच्या दारात ट्रंक घेऊन उभी राहणार नाही."

"मग काय करशील?"

ती उठली, दादाचा ब्रशचा पत्र्याचा डबा काढला, ब्रश एकेक करून बाहेर ठेवले आणि डब्याच्या तळातून तो कागद काढला. इतकी वर्षं तळाला अंथरलेला. एका कोपऱ्यावर लाल थेंब पडलेला, पण नाव, नंबर, शिक्का सगळं जागच्या जागी. मागं अर्जाची प्रत टाचलेली, तीवर ती देखणी सही.

"याचं काही येतं का बघू," म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. पण दुसरा उपाय माझ्याकडे तरी कुठं होता? आम्ही दोघी म्हाताऱ्या बसनं त्या कारखान्यावर गेलो. भिंत जागेवर होती, नाव मात्र भलतंच. नव्या नावाच्या फिकट रंगाखालून दादाच्या जुन्या अक्षरांचे पाय दिसत होते. वहिनी तिथं जाऊन हात लावून आली. वॉचमन म्हणाला, पंपवाले केव्हाच गेले, ही दुसरीच कंपनी. मी म्हटलं, संपलं, चल परत. तर हीच हटून बसली. "गेले म्हणजे कुठं गेले? बुडाले की कुणी घेतले?" असा प्रश्न मला सुचला नसता. वॉचमननं आतून एका जुन्या कारकुनाला बोलावलं. तो म्हणाला, बुडाले नाहीत, एका मोठ्या कंपनीनं गिळले, आणि तिला आणखी मोठीनं. बाजारात एक माणूस असले जुने शेअर शोधून देतो, त्याच्याकडे जा, म्हणून पत्ता दिला.

हा शेअरवाला एका झेरॉक्सच्या दुकानावर माळ्यासारख्या खोलीत बसायचा. गोल चेहरा, बोलायला गोड. पैसे मिळाले तर त्यातला हिस्सा घेणार, नाही मिळाले तर काही नाही. त्यानं कागद उजेडात धरला, नंबर टाकले, फोन केले, चार-पाच वेळा आम्हाला चकरा मारायला लावल्या आणि एक दिवस कॉम्प्युटर आमच्याकडे वळवून म्हणाला, "आजी, एकाचे दोन झालेत, दोनाचे दहा. मोठ्या कंपनीत गेल्यावर पुन्हा वाढलेत. तुमच्या नावावर आहेत, कुणी हात लावलेला नाही." मग आकडा सांगितला.

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितला. खोलीचे पैसे भरून वर वहिनीचं उरलेलं म्हातारपण बिनघोर जाईल एवढा होता. मी मनातल्या मनात दादाची माफी मागितली. मग ते कानातलं आठवलं आणि लगेच परत घेतली.

"फक्त एक आहे," शेअरवाला म्हणाला. "अर्जावर तुमची सही लागेल. ऑफिसच्या रेकॉर्डला आहे तशीच. ही, प्रतीवर दिसतेय ती. करता ना?"

वहिनी म्हणाली, "करते."

जिना उतरताना मधेच थांबली आणि कठडा धरून म्हणाली, "वन्सं, ही मी केलेली नाही. मला येत नाही."

बँकेत काय करतेस म्हणून विचारलं. तर दादा गेल्यावर खातं काढायला गेली होती तेव्हा कारकुनानं विचारलं, सही येते का, आणि ही म्हणाली, सह्या आमचे हेच करायचे. त्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला. तेव्हापासून अंगठा! शहरभराची अक्षरं भरलेली बाई बँकेत अंगठा लावते, आणि ते मला त्या जिन्यात कळतं! माझा असा संताप झाला की कुणावर काढू कळेना. दादा सापडता तर बरं झालं असतं.

मग तिनं सही शिकायला घेतली. दुपारी कामावरून आली की दाराशी उजेडात पाट घेऊन बसायची. पहिल्यांदा सरळ लिहून बघितलं. अक्षरं जमली, पण दादाचा झोक काही येईना. हात जायचाच नाही. शेवटी पेन आपटून म्हणाली, "कडच नाही तर मी भरू काय?"

आणि तिथंच तिला तिची वाट सापडली. भिंग लावून ती सही बघायला लागली. म्हणाली, "वन्सं, रेघसुद्धा नुसती रेघ नसते. तिलाही दोन कडा असतात आणि मधे पोट असतं." बारीक टोकाचं पेन आणलं. सहीची प्रत्येक रेघ ती अशी काढायची: आधी एक कड, मग दुसरी, मग मधलं शाईनं भरून टाकायचं. सुरुवातीला पातळ कागद सहीवर ठेवून, मग नुसतं बघून, मग न बघता. आयुष्यात पहिल्यांदा ती कड काढत होती. बोटं दुखायची म्हणून गरम पाण्यात बुडवून बसायची आणि पुन्हा सुरू.

एका दुपारी मी गेले तर तिनं कागद माझ्यापुढं धरला. दादाचीच सही! तीच शेपटी, तेच वळण.

"माझ्या हाताला कड आली वन्सं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. "यांना दाखवायला हवी होती."

"त्याला भोवळ आली असती," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शिंपी कात्री हातात घेऊन बघायला आला.

शेअरच्या ऑफिसात काचेमागं एक बाई होत्या. वयानं माझ्या मुलाएवढ्या, डोळ्यांवर चष्मा, आवाज मऊ. शेअरवाल्यानं कागद दिले. बाईंनी सगळे तपासले आणि तीन कोरे कागद पुढं केले. "आजी, माझ्यासमोर तीनदा सही करा."

वहिनी सरसावून बसली. पिशवीतून आपलं पेन काढलं. एक कड, दुसरी कड, पोट. मागं रांग लागली. कुणी खाकरलं, कुणी घड्याळ बघितलं. एक जण म्हणाला, "आजीबाई, सही करताय का रांगोळी काढताय?" मी मागं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. वहिनीनं मान वर केली नाही. तीन सह्या झाल्या.

बाईंनी त्या रेकॉर्डशी लावून बघितल्या. मग तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. बाहेरून ऊन आलं आणि तीन कागदांत सही एकच दिसायला लागली. मी फुशारून म्हटलं, "बघा बघा! केस इकडचा तिकडं नाही!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंनी कागद खाली ठेवले. "आजी, तीच तर अडचण आहे. माणसाची सही दोनदा अगदी सारखी कधी येत नाही. माझी सकाळची सही दुपारी जुळत नाही. थोडी इकडेतिकडे चालते, चालायलाच हवी. ही सही नाही. हे चित्र आहे."

वहिनीला कळेना. "बिघडलं कुठं?" तिनं विचारलं. "कुठं बाहेर गेलीय का?"

"नाही हो. कुठंच नाही." बाईंना बहुतेक वाईट वाटलं. त्यांनी बँकेचा कागद पुढं ओढला. "इथं तुमचा अंगठा आहे. आणि इतक्या जुन्या अर्जावर अशी सराईत सही. खरं सांगा, ही कुणाची?"

शेअरवाला टेबलाखालून माझा पाय दाबत होता, म्हणजे वहिनीला गप्प कर. पण वहिनीला खोटं बोलता येत नाही, ते शिकायला कधी सवड मिळाली नाही. म्हणाली, "ह्यांची. माझे मालक पेंटर होते."

बाईंनी कागद गोळा केले. मग म्हणाल्या, तसं प्रतिज्ञापत्र करून आणा, सही नवऱ्यानं केली होती असं. मी वर पाठवते. वरचे साहेब काय ते ठरवतील, मी शब्द देत नाही.

प्रतिज्ञापत्र शेअरवाल्यानं टाइप करून आणलं. मुदत जवळ आली होती, घरमालकाचा माणूस दर आठवड्याला दारात येऊन उभा राहायचा. खोलीतच बसून शेअरवाल्यानं वाचून दाखवलं. सगळं ठीक चाललं होतं, आणि मधेच वाक्य आलं: "सदर अर्जावरील सही माझी नसून ती माझ्या पतीने केलेली बनावट सही आहे."

मी ताडकन उठले. "बनावट? माझ्या भावाला लबाड लिहायचं, आणि तेही त्याच्याच घरात बसून?"

शेअरवाला म्हणाला, "अहो, शब्द कायद्याचा आहे."

"मग दुसरा घाला. लिहा, नवऱ्यानं माझ्यासाठी केली."

"कायद्यात माझ्यासाठी नसतं मावशी. एक तर खरी, नाही तर खोटी."

मी वहिनीकडे वळले. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलेल. आपलेच दात आपलेच ओठ, पण शेवटी नवरा होता. तोंडाला येईल ते बोलले मी. त्यानं नाव केलं म्हणून तुला या गल्लीत मान आहे, तो मेला म्हणून त्याच्या नावाला काळं फासणार का, असलं काहीबाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्सं, बनावटच होती की. मी समोर बसले होते. हात रिकामे होते माझे. पेन दिलं असतं मला, तर वाकडी का होईना, माझी आली असती."

मी परत खाली बसले. वहिनीनं अंगठा पुढं केला. शेअरवाल्यानं पॅड उघडला.

उत्तर आलं ते वर्ष संपायच्या जरा आधी. मीच वाचलं, कारण वहिनीचा चष्मा सापडेना. लिहिलं होतं की मूळ अर्जावरील सही बनावट असल्याचं अर्जदारानं स्वतःच कबूल केलेलं आहे. सबब तो अर्ज अर्जदाराचा म्हणता येत नाही. सबब मागणी नामंजूर. मी ते दोनदा वाचलं. शिकून केली तर चित्र, आणि खरं सांगितलं तर गुन्हा. मग वहिनीनं करायचं तरी काय होतं, हे त्या कागदावर कुठंच लिहिलं नव्हतं.

शेअरवाल्याकडे गेलो तर त्याचंही तोंड उतरलेलं. त्याचाही हिस्सा गेला होता बिचाऱ्याचा. म्हणाला, कोर्टात जाता येईल, पण वर्षं लागतील. मग धीर द्यायचा म्हणून म्हणाला, "शेअर कुठं जात नाहीत हो. तिथंच राहतील, वाढत राहतील. तुमच्या नावावरच आहेत."

"नावावर!" मी एवढ्यानं ओरडले की खालचं झेरॉक्सचं मशीन थांबलं. "मग काय नाव चाटायचं तिनं?"

वहिनीनं मला दंडाला धरून खाली आणलं.

खोली गेली. ती दगडांत झोपते म्हणाली होती, पण पाथरवटानं शेडमध्ये राहू दिलं नाही, त्याला पोलिसांची भीती. शेवटी आली माझ्याकडेच, एक ट्रंक आणि तो ब्रशचा डबा घेऊन. दारात उभी राहिली आणि सुनेनं आत ये म्हणेपर्यंत आत आली नाही. सुनेनं म्हटलं, पण जरा वेळानं म्हटलं. आता ओट्याखाली आम्ही दोघी झोपतो. कूस बदलायची तर एकमेकींना सांगून. वहिनी भल्या सकाळी सुनेच्या आधी उठते, भांडी घासून ठेवते आणि कुणाच्या पायात येऊ नये म्हणून कामाला निघून जाते. तिथं काम नसलं तरी जाते. दिवसभर नुसती बसून असते असं पाथरवट म्हणाला.

जुनी इमारत पाडली आणि नवी वर चढली. परवा पाथरवटाकडे काळ्या दगडाची मोठी पाटी आली. नव्या इमारतीचं नाव, खाली घरमालकाचं, त्याखाली त्याच्या वडिलांचं. प्रवेशदारावर लावायची. खाचांत सोनेरी रंग भरायचा होता. मी म्हटलं, वहिनी, हे काम नाही म्हण. ती म्हणाली, कामाला नाही म्हणून कसं चालेल?

दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले. शेडमध्ये धूळ, टाकीचा ठकठक आवाज, आणि ती पाटीसमोर खाली बसून शेवटचं अक्षर भरत होती. नेहमीसारखं, कुठं बाहेर नाही. भरून झालं. खालचा उजवा कोपरा मोकळा होता. तिनं त्याकडे पाहिलं, बारीक ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि एका दमात सही केली. एक कड, दुसरी कड, तसलं काही नाही. खांद्यातून हात फिरला आणि झाली. नाव तिचं. झोक थोडा दादाचा होता, पण मधलं अक्षर कलंडलं होतं, आणि शेपटी वळायचं सोडून सरळ दगडाच्या काठापर्यंत गेली होती.

मी बघतच राहिले. "वहिनी," मी म्हटलं, "ही घेतली असती गं त्या ऑफिसातल्या बाईनं."

"हो," ती म्हणाली. "ही घेतली असती."

थोडा वेळ ती सहीकडे बघत बसली. मग बाटलीतलं टर्पेंटाइन चिंधीवर ओतलं आणि रंग ओला होता तोवर कोपरा पुसून स्वच्छ केला.

"अगं, पुसतेस कशाला?"

"पाटी त्यांची आहे वन्सं," ती म्हणाली आणि हात पुसून डबा उघडायला बसली.